राइट रेव्हरंड, व्हेनरेबल, मेजर : पत्रिकेत नाव कोणाचं वर?

खिळेजुळारी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. जुने सभासद ओळखतात, नव्यांसाठी सांगतो. नंदुरबारला आमचा छापखाना आहे. वडिलांच्या काळी खिळे जुळवले, आता कोरल आणि फ्लेक्स. तीस वर्षं लोकांची नावं वरखाली लावण्यात गेली. लग्नपत्रिकेत मोठ्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली गेलं तर काय होतं, गणपती मंडळाच्या फ्लेक्सवर माजी नगरसेवकाचा फोटो आजी नगरसेवकापेक्षा दोन इंच मोठा झाला तर कोण दुकानात येतं, हे सगळं अनुभवून झालंय.

पण नवापूर तालुक्यातून चर्चचं काम आलं की माझी गाडी अडते.

मागच्या हिवाळ्यात एका कार्यक्रमाचा फ्लेक्स केला. पाहुण्यांच्या यादीत 'मेजर अमुक' असं नाव. मी आपला देशभक्त माणूस. नावापुढे '(निवृत्त)' टाकलं, मागे तिरंगा टाकला, कोपऱ्यात दोन बंदुका. सोबत 'ब्र. तमुक' होते, त्यांना 'ब्रिगेडियर' करून टाकलं आणि मेजरच्या वर बसवलं. फ्लेक्स लागला, लोक हसले, मेजरसाहेबही हसले म्हणे. पैसे मिळाले, पण दुसरा फ्लेक्स मला पदरचा करून द्यावा लागला.

आता नवं काम आलंय. एका गावात मंडळीची नवी इमारत झाली, तिचं समर्पण आहे. वहीच्या पानावर यादी आली ती अशी: राइट रेव्ह., व्हेन., रेव्ह. फादर, रेव्ह., मेजर (तेच!), पा., ब्र. प्रत्येकापुढे एकेक नाव. 'व्हेन.' हे मला आधी आडनाव वाटलं होतं. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, तुम्हीच लावा मोठ्यापासून लहानापर्यंत, तुम्हाले सवय शे."

तर जाणकारांनी एकदा शिडी लावून द्यावी. पोलिसांत कसं शिपाई, हवालदार, फौजदार, इन्स्पेक्टर, तशी. मी ती काचेखाली लावून ठेवतो. आणि या शब्दांना धड मराठी शब्द आहेत का तेही सांगा.

कापूसकोंडा

ज्याची गाडी मोठी त्याचं नाव वर. प्रश्न मिटला.

तापीकाठ

कापूसकोंडा, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती.

मी धुळ्याची, निवृत्त शिक्षिका, घरात तीन पिढ्या चर्च. मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

आधी तुमची संक्षिप्त रूपं. ही अँग्लिकन पद्धतीची आहेत, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, आणि ती पदं नव्हेत, मायने आहेत. आपण पत्रात 'तीर्थस्वरूप', 'श्रीमंत', 'राजमान्य राजश्री' लिहायचो ना, तसे. साधा दीक्षित धर्मगुरू असेल तर रेव्हरंड. कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचा, प्रमुख जो डीन, तो व्हेरी रेव्हरंड. आर्चडीकन म्हणजे बिशपांच्या वतीने एखाद्या भागातल्या मंडळ्यांची (एका चर्चची माणसं मिळून एक मंडळी) देखरेख करणारा, तो व्हेनरेबल. तेच तुमचं 'व्हेन.'. बिशप असेल तर राइट रेव्हरंड आणि आर्चबिशप असेल तर मोस्ट रेव्हरंड. यातल्या 'राइट'चा उजव्या हाताशी किंवा बरोबर-चूक याच्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'अगदी, पुरेपूर' असा होता. एका पत्रिकेत मी 'योग्य रेव्हरंड' असं भाषांतर पाहिलंय. म्हणजे बाकीचे अयोग्य?

आता मराठी शब्द. ते आहेत आणि फार सुंदर आहेत, फक्त आपण वापरत नाही. बिशप हा शब्द ग्रीक 'एपिस्कोपोस'पासून आला. एपि म्हणजे वरून, स्कोपोस म्हणजे पाहणारा. वरून नजर ठेवणारा. आपल्या मराठी बायबलमध्ये त्यासाठी शब्द आहे 'अध्यक्ष'. आता 'अध्यक्ष' म्हटलं की आपल्याला सभेचा हार घातलेला माणूस दिसतो, पण संस्कृतात अधि आणि अक्ष, म्हणजे ज्याची नजर वर आहे तो. ग्रीक शब्दाची घडण आणि या शब्दाची घडण जवळजवळ एकच! ज्याने तो निवडला त्याला माझा नमस्कार.

त्याच बायबलमध्ये 'प्रेस्बिटेरोस'ला 'वडील' आहे आणि 'डीकन'ला 'सेवक'. आमची आजी चर्चच्या कमिटीतल्या माणसांना 'वडील' म्हणायची. लहानपणी मला कळायचं नाही की हिला इतके वडील कसे. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'प्रीस्ट' हा शब्द त्याच 'प्रेस्बिटर'चा झिजून झालेला आहे. म्हणजे मुळात प्रीस्ट म्हणजे म्हातारा माणूस.

आणि खरी मेख पुढे आहे. बायबलातलं, तीताला लिहिलेलं पौलाचं पत्र उघडा, पहिला अध्याय. पाचव्या ओवीत पौल म्हणतो, गावोगावी वडील नेमावेत. सातव्या ओवीत त्याच माणसांविषयी बोलताना 'अध्यक्ष' शब्द येतो. म्हणजे वडील आणि अध्यक्ष एकच की वेगळे? यावरून ख्रिस्ती जगात चारशे-पाचशे वर्षं भांडण चालू आहे. बिशप हे वेगळं, वरचं पद आहे असं मानणारे एका बाजूला. वडील हेच अध्यक्ष, त्यांच्या वर कोणी नाही, असं मानणारे दुसऱ्या बाजूला. म्हणून तुमची एकच शिडी लागणार नाही, जुळारीदादा.

कापूसकोंडा

बाई, गाडीवाला प्रतिसाद मागे घेतला. वाचतोय.

विसरवाडीकर

तापीकाठबाईंनी बरोबर सांगितलं. आमचा नवापूर-विसरवाडी-चिंचपाडा पट्टा हा त्या दुसऱ्या बाजूचा. आमच्याकडच्या बहुतेक मंडळ्या अलायन्स मिशनच्या परंपरेतल्या. आमच्यात बिशप नाहीच. पाळक असतो, त्याला आम्ही पास्टर म्हणतो ('पा.' म्हणजे तेच). सोबत निवडलेले वडील आणि कमिटी. पाळक कुणाला ठेवायचा हे मंडळी ठरवते. धुळ्याहून किंवा मुंबईहून कुणी बदलीचा कागद पाठवत नाही.

ज्यांच्या कार्यक्रमाचं काम तुमच्याकडे आलंय त्यांनी बिशपांना बोलावलंय, ते पाहुणे म्हणून. त्यांचा मान आहेच. पण ते त्या मंडळीचे साहेब नाहीत. सरपंचाच्या घरी कलेक्टर जेवायला आले तर सरपंच त्यांना पाट देतोच. म्हणून काही कलेक्टर ग्रामसभेचे अध्यक्ष होत नाहीत.

ब्र. म्हणजे ब्रदर. ब्रिगेडियर वाचून चहा नाकातून आला.

पिंपळनेरी

आमना गावमा दोनच पदव्या शेतस. एक पास्टर, दुसरा कमिटीवाला. पास्टरनी चूक काढाले कमिटीवाला, आनि कमिटीवालानी चूक काढाले समदं गाव.

भुसावळ_लूपलाईन

आमची बाजू राहिली. आजोबा रेल्वेत ड्रायव्हर, मूळचे गोव्याचे. आम्ही भुसावळचे कॅथलिक. रेल्वेमुळे एके काळी इथे अँग्लो-इंडियन, गोवेकर, मद्रासी अशी सगळी जत्रा रविवारी एका चर्चमध्ये असायची. आता निम्मी बाकं रिकामी असतात.

आमच्यात शिडी आहे आणि पक्की आहे. तरी तीही लोकांना वाटते तशी नाही. दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन, धर्मगुरू म्हणजे आमचे फादर, आणि बिशप. बस. बाकी सगळे, आर्चबिशपपासून पोपपर्यंत, दीक्षेने बिशपच. वेगळी असते ती जबाबदारी. पोप म्हणजे रोमचे बिशप. त्यांच्यासाठी चौथी दीक्षा नाही.

मराठी शब्द: बिशपांच्या क्षेत्राला धर्मप्रांत, पॅरिशला म्हणजे एका चर्चच्या भागाला धर्मग्राम. वसईकडच्या मराठीत पोपना परमगुरुस्वामी आणि बिशपांना महागुरुस्वामी म्हणतात. दीक्षेच्या समारंभाला गुरुदीक्षा. आमच्या भुसावळला मात्र सगळं इंग्रजी-हिंदी-कोंकणी मिसळून चालतं. फादर म्हणजे फादर.

खानदेश पूर्वी पुणे धर्मप्रांतात होता. १९८७ साली त्यातून नाशिक धर्मप्रांत वेगळा निघाला आणि थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. आमच्या आजीला कोण आनंद, की बिशप भालेराव नावाचे! नावावरूनच आपला माणूस.

त्यांच्यानंतर आले फेलिक्स मच्याडो. त्याआधी ते रोमला होते आणि नाशिकला येताना त्यांना 'आर्चबिशप' ही पदवी व्यक्तिशः मिळाली. म्हणजे नाशिक हा साधा धर्मप्रांतच, पण बिशप मात्र आर्चबिशप. नंतर ते वसईला गेले, तिथेही तसंच. त्यामुळे वसई म्हणजे आर्चडायोसिस (आर्चबिशपांचा धर्मप्रांत), असं बऱ्याच बातम्यांत छापून येतं ते चूक. आपल्याकडे दिवाणबहादूर किताब असलेला माणूस गावचा दिवाण नसायचा, तसं समजा.

जुळारीदादा, तुमच्यासाठी एक सापळा. आमच्या कॅथलिक बिशपांनाही आपल्या देशात 'मोस्ट रेव्हरंड' लिहितात. बाईंच्या यादीत मोस्ट म्हणजे आर्चबिशप, आमच्यात मोस्ट म्हणजे बिशपही. त्यामुळे नुसत्या मायन्यावरून क्रम लावाल तर फसाल.

आणखी एक. 'नाशिकचे बिशप' एवढंच छापू नका, नाशिकला बिशप दोन आहेत. एक आमचे आणि एक चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. त्यांच्या गादीचा वारसा अँग्लिकन, १९२९ सालचा. कुठले बिशप ते लिहिलंच पाहिजे.

खिळेजुळारी

बापरे. थांबा, आर्चबिशपच्या वर कार्डिनल ना? तेवढं तरी पक्कं?

भुसावळ_लूपलाईन

नाही हो. तीच तर सगळ्यांची गल्लत. कार्डिनल ही पुढची पायरी नाही, ती पोपांनी दिलेली वेगळी नेमणूक आहे. शब्द लॅटिन 'कार्डो'वरून आलाय, म्हणजे दाराची बिजागरी. कार्डिनल बहुतेक बिशपच असतात, पण बिशप नसलेला साधा फादरही कार्डिनल झाल्याची उदाहरणं आहेत. त्यांचं मुख्य काम पोपची निवड. वयाची ८० वर्षं झाली की मत जातं, किताब राहतो. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस यांना २०२४च्या डिसेंबरात ८० पूर्ण झाली, म्हणून २०२५च्या मे महिन्यात लिओ चौदावे निवडून आले तेव्हा ते मतदानाला आत नव्हते. आत १३३ कार्डिनल होते, त्यांत भारतातले चार.

बिशपांचं निवृत्तीचं वय म्हणाल तर ७५. तेव्हा त्यांनी पोपकडे राजीनामा पाठवायचा. तो लगेच मंजूर होईलच असं नाही. आणि मुख्य बिशपांना मदतनीस म्हणून दिलेल्या बिशपांतही दोन प्रकार. ऑक्झिलरी हा नुसता साहाय्यक. कोअॅडजुटर हा गादीचा ठरलेला वारस, म्हणजे युवराज म्हणा हवं तर. बातमीत दोघेही 'सहायक बिशप' होतात आणि मग पुढे काय होणार ते वाचणाऱ्याला कळत नाही.

केळीचं_पान

या धाग्यावर यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता राहवत नाही.

मी जळगावला एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक. २१ एप्रिल २०२५, सोमवार. पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी दुपारीच आली, पण आतलं पान रात्री लागायचं होतं. इंग्रजी मजकूर मशीनमधून मराठी करून टेबलावर येत होता. मी चहा घेऊन बसलो आणि पहिलंच वाक्य वाचलं: 'पवित्र समुद्राने निवेदन जारी केले.' दोनदा वाचलं. मग डोक्यात प्रकाश पडला. 'होली सी', म्हणजे पोपचं धर्मपीठ! त्यातल्या 'सी'चा समुद्र करून टाकला होता. खाली एका जुन्या आज्ञापत्राचा उल्लेख होता, तिथे 'पोपचा बैल'. कारण त्याला इंग्रजीत 'बुल' म्हणतात. तो शब्द 'बुला'वरून आलाय, आज्ञापत्राला लावलेली शिशाची मोहोर. आपल्याकडे शिक्कामोर्तब म्हणतात तेच. आणि सगळ्यात कहर तिसऱ्या परिच्छेदात. एका देशाच्या 'प्रायमेट'ने, म्हणजे तिथल्या सर्वांत मानाच्या आर्चबिशपांनी, शोक व्यक्त केला होता. मशीनने लिहिलं होतं, 'वानराने शोक व्यक्त केला.'

तो कागद अजून माझ्या खणात आहे.

पोपच्या राजदूताला 'नुन्सिओ' म्हणतात. दिल्लीत असतात. मी त्यांना 'पोपचे वकील' लिहिलं. मुख्य उपसंपादकांनी खोडलं, म्हणाले लोकांना कोर्टातला वकील वाटेल. मी म्हटलं, पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील कोणत्या कोर्टात जायचा? अजूनही दूतावासाला आपण वकिलातच म्हणतो. चाललं नाही. शेवटी 'राजदूत' गेलं.

अमळनेरी_गूळपोळी

केळीचं_पान, 'सी'साठी मराठी शब्द आपल्या अंगणात पडलाय की! तो शब्द लॅटिन 'सेदेस'वरून आला, म्हणजे आसन. कॅथेड्रलही 'कॅथेड्रा'वरून, म्हणजे खुर्ची. इमारत मोठी, शिखर उंच, म्हणून कॅथेड्रल होत नाही. बिशपांची खुर्ची जिथे आहे ते कॅथेड्रल, मग ती पत्र्याची शेड का असेना.

आमच्या अमळनेरला सखाराम महाराजांचं संस्थान आहे. तिथे जे असतात त्यांना आम्ही गादीपुरुष म्हणतो. माणूस बदलतो, गादी राहते. उत्सवात मान गादीचा असतो. 'रोमची गादी', 'नाशिकची गादी' असं लिहिलं तर आमच्या आईलाही पहिल्या झटक्यात कळेल. 'होली सी' म्हणजे पवित्र गादी. व्हॅटिकन सिटी हे राज्य वेगळं आणि ती गादी वेगळी, हेही मग समजावून सांगायला सोपं जातं. देशोदेशींचे वकील (हो, मी वकीलच म्हणणार) त्या गादीकडे नेमलेले असतात, चव्वेचाळीस हेक्टरच्या राज्याकडे नव्हे.

पिंपळनेरी

आनि ती बिशपना हातमानी काठी? वरथून वाकडी ऱ्हास ती?

तापीकाठ

क्रोझियर. मेंढपाळाची काठी आहे ती, म्हणूनच वरून वाकडी. तुमच्या साक्री-पिंपळनेर भागात ठेलारी मेंढ्या घेऊन उतरतात ना, त्यांच्या हातची काठी पाहा. बिशप आला की मी वर्गातल्या पोरांना तेच सांगायचे: हा ठेलारी आहे, फक्त टोपी वेगळी. 'पाळक' शब्दही तोच आहे. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. मेंढ्या पाळतो तो पाळक.

(सोनेरी मुलामा दिलेली काठी पाहिली की हे जरा विसरायला होतं, ते सोडा.)

नगरी

मेजरसाहेबांविषयी मी सांगतो, कारण ते बहुधा आमच्याकडचेच. ते मुक्तिफौजेचे. इंग्रजीत साल्व्हेशन आर्मी. त्यांच्यात धर्मगुरूंचे हुद्दे लष्करी नावांचे: कॅप्टन, मेजर, कर्नल, कमिशनर आणि जगभराचा प्रमुख एकच, तो जनरल. मंडळीला ते 'कोर' म्हणतात. १८८२ साली त्यांचे अधिकारी बूथ-टकर मुंबईत उतरले तेव्हा पोलिसांना खरोखरच फौज येतेय असं वाटलं होतं म्हणतात. पुढे त्याच माणसाने भगवी वस्त्रं घातली आणि 'फकीर सिंग' नाव घेतलं. नगरला त्यांचं बूथ हॉस्पिटल कोणालाही विचारा. तेव्हा जुळारीदादा, बंदुका काढा, पण मेजर राहू द्या. तो त्यांचा खराखुरा हुद्दा आहे.

आता एक घोळ मीही घालतो. मॉडरेटर. तुमच्या यादीत नाही, पण कधीतरी येईल. १९७० साली, २९ नोव्हेंबरला, नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बिशपवाले अँग्लिकन होते, वडीलवाले प्रेस्बिटेरियन होते, आणि तुमच्या नवापूरच्या पलीकडे गुजरातेत व्यारा आहे ना, तिथल्या मिशनचे ब्रदरन पंथाचे लोकही होते. त्यांच्यात तर बिशप ही कल्पनाच नव्हती. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही मूळच्या 'प्रत्येक मंडळी स्वतंत्र' या मताच्या. मग तडजोड अशी झाली की बिशप ठेवायचे, पण वर आर्चबिशप नाही. वर सिनड, म्हणजे सगळ्या धर्मप्रांतांच्या प्रतिनिधींची सभा, आणि सिनडचा अध्यक्ष तो मॉडरेटर. तो बिशपांमधलाच एक असतो, मुदतीपुरता. मुदत संपली की पुन्हा आपल्या धर्मप्रांताचा बिशप. म्हणजे बिशप मोठा की मॉडरेटर हा प्रश्नच नाही, माणूस एकच असतो.

एकदा एका निवेदकाने मंचावरून 'सभेचे सूत्रसंचालक' अशी मॉडरेटरांची ओळख करून दिली. त्यांनी माईक घेतला आणि खरोखर पुढचा कार्यक्रम पुकारला. खिलाडू माणूस.

कापूसकोंडा

इथले मॉडरेटर पण मुदतीपुरते असते तर माझे चार धागे वाचले असते.

व्यवस्थापक

पाहतोय.

नगरी

अवांतर: आपल्या खानदेशाचे बालकवी, धरणगावचे ठोंबरे, नगरला ना. वा. टिळकांच्या घरी राहिले होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. टिळक रेव्हरंड होते, दीक्षित. पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी जे काढलं त्याला चर्च म्हटलं नाही, मंडळी म्हटलं नाही, 'देवाचा दरबार' म्हटलं. शब्दाच्या बाबतीत त्या माणसाचा हात कोणी धरू शकत नाही.

शेड्यूल_एक

मी धुळ्यात वकिली करतो (कोर्टातली). धर्मादाय आयुक्तांकडची कामं जास्त.

तुमची ही सगळी चर्चा वाचून एक गंमत लक्षात आली. चर्चच्या बहुतेक मालमत्ता सार्वजनिक ट्रस्ट म्हणून १९५०च्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात. पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. त्या फॉर्मात राइट नाही, मोस्ट नाही, व्हेनरेबल नाही. नाव, वय, धंदा, पत्ता. एका बिशपांच्या फॉर्मात 'धंदा' या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्या ऑफिसात अर्धा तास गेला. कारकून म्हणाला 'नोकरी' लिहा. बिशप म्हणाले 'सेवा'. शेवटी 'धर्मगुरू' लिहिलं. आणि पदाच्या रकान्यात काय आलं असेल? 'अध्यक्ष, विश्वस्त मंडळ'.

तापीकाठबाई, तुमच्या बायबलातला शब्द सरकारी फॉर्मात बरोबर जाग्यावर येऊन बसला. फक्त तिथे नजर जमिनीच्या उताऱ्यावर असते.

बाकी शब्दांवरून भांडणं कोर्टात कशी येतात ते सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. 'मंडळीची इमारत' म्हणजे त्या गावच्या लोकांची की धर्मप्रांताच्या ट्रस्टची, एवढ्या एका षष्ठीच्या प्रत्ययावर लोकांची हयात गेलीय.

पाटाचं_पाणी

'आमची मंडळी' म्हणजे बायको ना? मी इतका वेळ वेगळ्याच अर्थाने वाचतोय.

तापीकाठ

आमच्या पाळकांनी एकदा उपदेशात 'मंडळी ही ख्रिस्ताची वधू आहे' असं म्हटलं तेव्हा मागच्या बाकावर एक पाहुणे असेच चक्रावले होते. तिथे दोन्ही अर्थ एकत्रच येतात, तुमचं अगदीच चुकलेलं नाही.

रानकेळ

बायकांविषयी कोणी बोलणार आहे की नाही? 'चर्च ऑफ साउथ इंडिया'मध्ये २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. तेव्हा मराठीत 'बिशपबाई' लिहायचं की 'महिला बिशप'? मला दोन्ही खटकतात. 'बिशप पुष्पा ललिता म्हणाल्या' एवढं पुरे, क्रियापद सांगतंच.

आणि शिडी शिडी करताय त्या शिडीच्या खाली कोण होतं? बायबलबाई. माझी पणजी बायबलबाई होती. नऊवारी, छत्री, हातात पिशवी, तापीच्या अलीकडची-पलीकडची गावं पायी. तिला रेव्हरंड नाही, व्हेन. नाही. पाळकीणबाईंना निदान घर तरी असायचं. पणजीला लोक 'पुस्तकवाली' म्हणत. बाळंतिणीच्या खाटेशी बसून ती वाचून दाखवायची आणि वाचून झालं की लुगडी धुऊन द्यायची.

तापीकाठ

रानकेळ, दंडवत. माझ्या आईची आत्यासुद्धा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

विसरवाडीकर

जुळारीदादा, क्रमाचा तोडगा सुचवू? आम्ही गावात असंच करतो. पत्रिकेत मोठ्यापासून लहान असा क्रम लावूच नका. कार्यक्रमात ज्याचं काम आधी त्याचं नाव आधी. सुरुवातीची प्रार्थना कोणाची, शास्त्रपाठ कोणाचा, समर्पण कोणाच्या हस्ते, संदेश कोणाचा, आशीर्वाद कोणाचा. प्रत्येक कामासमोर एक नाव. मग कोणी कोणाच्या वर नाही आणि खालीही नाही. बिशप असले की शेवटचा आशीर्वाद त्यांनाच देतात, म्हणजे त्यांचं नाव आपसूक शेवटी येतं आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही, कारण शेवटचा आशीर्वाद हाच मोठा मान.

गिऱ्हाइकाला फोन करून फक्त कार्यक्रमपत्रिका मागवा.

भुसावळ_लूपलाईन

+१. आणि फादरांचं 'रेव्ह. फादर' पूर्ण ठेवा, नुसतं 'फा.' करू नका. ते 'फा.' बघून आमच्या एका फादरांना कुरियरवाल्याने 'फारुकभाई' म्हणून हाक मारली होती.

खिळेजुळारी

सर्वांचे आभार. काम झालं, म्हणून सांगायला आलो.

विसरवाडीकर म्हणाले तसंच केलं. गिऱ्हाइकाकडून कार्यक्रमपत्रिका मागवली, ती व्हॉट्सअॅपवर आली, कामाप्रमाणे नावं लावली. व्हेनरेबल पूर्ण अक्षरात. मेजरसाहेबांच्या नावापुढे 'मुक्तिफौज', बंदुका नाहीत. बिशपांच्या नावाखाली कुठल्या चर्चचा धर्मप्रांत ते लहान टायपात. ब्रदर ब्रदरच राहिले. शास्त्रपाठ त्यांच्याकडेच आहे.

काल संध्याकाळी गिऱ्हाईक आणि सोबत एक म्हातारे वडील (तापीकाठबाईंच्या अर्थाने) प्रूफ बघायला आले. मी तयारीत होतो, की आता नावांवरून सुरू होणार. आजोबांनी चष्मा लावला, सगळी पत्रिका बोटाने ओळ ओळ वाचली, नावांशी एकदाही थांबले नाहीत. अगदी खालच्या ओळीवर बोट टेकलं. तिथे मी नेहमीच्या सवयीने 'स्नेहभोजन' टाकलं होतं. ते म्हणाले, "हे आमचं नाही. 'प्रीतिभोजन' लिहा." लिहिलं.

उद्या मशीनवर घेतोय, तीनशे प्रती.

कापूसकोंडा

प्रीतिभोजनात काय आहे?

खिळेजुळारी

वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. मलाही बोलावलंय. माझं नाव पत्रिकेत 'मुद्रक' म्हणून सगळ्यात खाली आहे.